बर्फ पेलेल का

पेइप्सी सरोवराच्या काठी, दुकानाच्या पायरीवर
मी एवढंच विचारलं:
बेटापर्यंत बर्फ पेलेल का?
पाठीवर टपालाची पिशवी, पिशवीत
बेटावरच्या झोसिम आजोबांचं इन्सुलिन,
गोठू नये म्हणून माझ्या लोकरी मोज्यात खुपसलेलं.
होडी डिसेंबरातच काठावर पालथी पडलेली.

एंडेल आधी बोलला. एंडेल नेहमीच आधी बोलतो.
न पेलायला काय झालं! माझा मामा ट्रॅक्टर घेऊन गेलाय,
मागे कांद्याची पोती, पोत्यांवर मामी.
कुठल्या साली, विचारलं
तर म्हणाला, तेव्हा हिवाळे हिवाळ्यासारखे असायचे.
चार माना डोलल्या. पाचवी माझी.
डोललेल्या मानांनी बर्फ जाड होत नाही
हे तेव्हा सुचलं नाही.

वाइकेला आधी हे हवं होतं की जायचंच कशाला.
मग म्हाताऱ्याने इन्सुलिनऐवजी दालचिनी खावी, असं तिचं मत पडलं.
लेइडा म्हणाली, हाच प्रश्न परवा
पाववाल्या पोराने विचारला होता,
त्याला उत्तर मिळालंय, पुन्हा पुन्हा काय तेच!
काय मिळालं?
ते तिला आठवेना.
एका अनोळखी गाडीची काच खाली आली,
बिनधास्त जा, म्हणाली,
आणि वर गेली.

काल्यू तेवढा खूप वेळ गप्प.
मंगळवारपर्यंत मला माहीत होतं, म्हणाला.
नंतर वारा फिरला.
फेवरोनियाने गल्ल्यामागून गिरमिट काढून दिलं,
शनिवारच्या आत परत, आणि पुसून.

ऐकावे जनाचे, करावे मनाचे,
म्हणायला सोपं आहे. माझं मन तर
कधीच बेटावर पोचून शेगडीपाशी बसलं होतं,
त्याला काय विचारायचं?

बर्फावर वाट दाखवायला कुणीतरी रोवलेल्या फांद्या,
जुनिपरच्या, सुया गळालेल्या.
कुणी रोवल्या, कधी, ते फांदीवर लिहिलेलं नसतं.
फांदी खोटं बोलत नाही. फांदी फक्त
ज्या दिवशी रोवली, त्या दिवशीचं बोलते.

पन्नास पावलं, एक भोक.
गिरमिट फिरवायचं, पाणी वर आलं की
बाही सरकवून हात आत घालायचा, खालची कड चाचपायची.
वीत.
वीत आणि दोन बोटं.
वीत.
हात काखेत धरून पुन्हा पन्नास पावलं.
सहाव्या फांदीपुढे नुसती चार बोटं,
आणि त्यापुढे गिरमिट टेकवायच्या आधीच
खाली काहीतरी कण्हलं.
फांदी सरळ जा म्हणत होती.
मी पोटावर आडवी झाले, आले तशी मागे सरकले,
पिशवी दातांत, देवाचं नाव अर्धंच आठवत,
आणि उत्तरेला लांबचा वळसा घेतला.
भोकं पाडत. मोजत.

झोसिम आजोबा म्हणाले, उशीर केलास.

परतले तेव्हा पायरीवर तीच माणसं.
पाववाल्या पोराने विचारलं, पेलेल का?
जिभेवर आलंच होतं: अरे, मी आत्ता तिथूनच आले!
गिळलं.
म्हटलं, सकाळी नऊला, उत्तरेच्या वळशाने,
माझ्या एकटीच्या वजनाला पेलला.
सहाव्या फांदीपुढे नाही.
आता दुपार आहे. हे गिरमिट घे.
शनिवारच्या आत परत, आणि पुसून.

संध्याकाळी कांदे आणायला गेले तर
एंडेल कुणाला तरी ठासून सांगत होता:
न पेलायला काय झालं!
टपालवालीने स्वतः सांगितलंय.