दगडावरचा नंबर

डोंगर पाखडतो.
जड ते मागे, हलकं ते पुढे:
खिंडीच्या तोंडाशी मोटारीएवढे धोंडे,
मग नारळाएवढे गोटे, मग वाळू,
आणि पार खाली, सुपरमार्केटच्या पार्किंगपाशी,
पिठासारखी माती.
ला क्रेसेंटाच्या गल्ल्या या सुपावर वसल्यात.
इथे त्याला व्ह्यू म्हणतात
आणि त्याचे वेगळे पैसे मोजतात.

मी काउंटीच्या पूर विभागात.
नकाशा घेऊन दारोदार जायचं
आणि न आवडणारं बोलायचं.
मिसेस आर्पिने होवसेपियन आधी कॉफी देतात.
"ओढा तर तिकडे, दोन गल्ल्या पलीकडे."
मी म्हणते, आज तिकडे.
इथल्या पाण्याला कायमचा पत्ता नसतो,
आपणच आणलेल्या गाळाला अडखळतं
आणि कूस बदलतं.

फाटकाशी म्हशीएवढा धोंडा,
त्यावर पांढऱ्या रंगात घराचा नंबर.
"हा कुणी आणला?"
"होताच. बागेसाठी आणला असेल कुणीतरी."

त्यांनी माझा कप बशीत उपडा केला,
त्यांच्याकडे असं भविष्य बघतात.
गाळ ओघळला, कडेशी पसरला,
माझ्या नकाशासारखाच, हुबेहूब.
"प्रवास दिसतोय," म्हणाल्या.
मी फाटकाकडे बघितलं.

सप्टेंबरात वरचं रान जळलं.
जळकी माती पाणी पीत नाही,
मेणकापडावरून घसरावं तसं घसरतं ते.
डेल्फिनो आरियागा पहाटे सहापासून लोडर चालवतो,
खिंडीखालचा खड्डा उपसतो, ट्रक भरतो.
तक्रारी येतात: धूळ. आवाज. काँक्रीटचे अडसर,
गाडी निघत नाही, पाहुणे हसतात.
खरंय.
एक खड्डा रिकामा राहावा
एवढ्यासाठी आम्हाला पगार मिळतो.

फेब्रुवारी. रात्रीचे दोन वाजून दहा मिनिटं.
पाण्याचा आवाज नव्हताच तो,
वर अंधारात कुणी अजस्र जातं ओढत होतं.
खड्ड्यातल्या खांबावर पाच लाल पट्टे.
टॉर्चच्या उजेडात पहिला बुडाला,
दुसरा,
तिसऱ्यावर एक अख्खा ओक येऊन आडवा झाला.
चौथा
अर्धा.
डेल्फिनो काहीतरी पुटपुटत होता, स्पॅनिशमध्ये,
मी पट्टेच मोजत होते, पुन्हा पुन्हा, एकपासून.

सकाळी रस्ते ओले, बाकी काही नाही.
पेपरात काही नाही.
होवसेपियनबाईंचा फोन: ट्रक पुन्हा सुरू का?
नऊशे खेपा, मी म्हटलं, आणि गुरुवारी परत पाऊस.
पलीकडे बराच वेळ शांतता.
मग, "तो दगड. तो कधी आला असेल?"
सांगता येत नाही, म्हटलं.
"पण आला."
हो.

बुधवारी गेले तेव्हा दाराशी पिशवी होती:
औषधं, कागदपत्रं, नवऱ्याचा फोटो,
वर कॉफीचं लांब दांड्याचं भांडं.
अडसरावर त्यांनी जिरेनियमच्या कुंड्या मांडल्या होत्या.
मी नियम सांगितला नाही.

नंबर अजून दगडावरच आहे.