शेरा

लेकीची व्हॅलिडिटी अडकली एका कान्यावर.
आज्याच्या दाखल्यात टकारी,
चुलत्याच्या दाखल्यात टाकारी.
साहेब म्हणाले, एकसष्टच्या आधीचं
काहीतरी सरकारी आणा.

म्हणून टॉवेलच्या कारखान्यात खाडा टाकून
मी रेकॉर्ड रूमच्या बाकावर बसले.
म्हमाणे बाईंनी लाल फडक्यातला गठ्ठा सोडला,
नाकाला पदर लावला,
म्हणाल्या, धूळ आहे, तुम्हीच चाळा.

आमची माणसं दगडाला टाकी लावायची.
जातं गुळगुळीत झालं की बाया हाक मारायच्या,
आम्ही छिन्नीनं त्याला पुन्हा दात द्यायचो.
जात्यावरचा टिंब तेवढा सरकारनं काढला
आणि उरलं ते रजिस्टरात लिहिलं.

सेटलमेंट. आत येण्याची तारीख. बायको, पोरं, अंगावरच्या खुणा.
डाव्या भुवईवर व्रण.
उजव्या हाताला सहावं बोट.
(माझ्या लेकीलाही आहे. दवाखान्यातच
कापू का विचारत होते, मी नको म्हणाले.)

दोनशे चौदा नंबर. सोनकी कोम धोंडी.
माझी पणजी.
तिचा फोटो नाही घरात, लुगडं नाही, भांडंही नाही.
इथं मात्र दिवसातून तीनदा आहे ती:
गिरणीच्या भोंग्याआधी हजर,
दिवेलागणीला हजर,
मध्यरात्री कंदील तोंडासमोर धरून हजर.
हजर, हजर, हजर,
पानामागून पान, शाई बदलते,
कारकुनाचं अक्षर बदलते,
ती बदलत नाही.
बाळंत झाली त्या दिवशीही हजर,
पुढे कंसात बारीक अक्षरात: पडून.

जात लिहिलेलं पान सापडलं.
टकारी. काना नाही.
बाईंनी खूण म्हणून सुतळीचा तुकडा ठेवला.
चोर म्हणून ज्यांनी लिहून ठेवलं
त्यांच्याच अक्षरावर आता माझी पोर
नर्सिंगला जाणार.
हसावं की काय, कळेना. मी पाणी प्याले.

मग उगाच पुढची पानं उलटत राहिले.
आणि एका रात्री ती नव्हती.

पंधरा जानेवारी, एकोणीसशे अडतीस.
रात्रीची हजेरी: गैरहजर.
पहाटे तारेजवळ सापडली.
दंड आठ आणे. आठ दिवस पास बंद.
शेरा: कुठे गेली होतीस विचारता
काही सांगत नाही.

सगळ्या गठ्ठ्यात एवढंच एक वाक्य
जे तिनं लिहून घेतलं.

मी बोटांवर मोजलं. भोगी, संक्रांत,
पंधराला किंक्रांत.
सोलापूरच्या माणसाला पंचांग लागत नाही,
किंक्रांतीला होम मैदानावर दारूकाम.
तारेच्या आतून उजेड दिसत असणार,
आधी उजेड, मग मागाहून आवाज,
कुडाच्या भिंतीवर क्षणभर हिरवा, क्षणभर लाल.
नुसता आवाज किती वर्षं ऐकायचा माणसानं?

तीच गेली असेल असं मी म्हणत नाही.
कुणाला भेटायला गेली असेल, चोरी करायलाही.
नाव नोंदलेलंच होतं, करून तरी बघावी.
मला माहीत नाही.
तिनं फौजदाराला सांगितलं नाही,
मग माझ्यासाठी ती कागदावर का ठेवील?

म्हमाणे बाईंनी नकलेचा अर्ज पुढे सरकवला.
पान क्रमांक लिहा.
मी दोन लिहिले.
त्यांनी चष्मा वर करून पाहिलं,
अहो, ह्या दुसऱ्यावर जात नाही,
ह्याचा काही उपयोग नाही तुम्हाला.

म्हटलं, असू द्या.
पैसे किती ते सांगा.