बाकी ठीक

साडेतीनलाच दिवे लागलेत तुर्कूत.
आजची शेवटची: गुनवोर लिंडरूस, वय एकसष्ट,
कोर्पो बेटावरून दोन फेरीबोटी बदलून आलेली.
अंगठी निघत नाहीये.
साबण लावला, दोरा गुंडाळला, हात वर धरून बसवलं.
ती म्हणाली, राहू दे,
नवरा निघून गेला, ही काही निघत नाही.
निघाली तेव्हा बोटावर पांढरा वळ राहिला
आणि आम्ही दोघी त्याच्याकडे बघत बसलो, उगाच.

मॅमोग्राममध्ये काही दिसलं नव्हतं.
म्हणजे सगळंच दिसलं होतं, पांढरं.
दाट ऊती पांढऱ्या, आणि शोधायचं तेही पांढरं.
हिवाळ्यात इथला ससा पांढरा होतो
आणि बर्फात नुसता बसून राहतो.
तुम्ही त्याच्याकडेच बघत असता.

तिला पालथं झोपवलं,
दोन पोकळ्यांत दोन स्तन, कपाळ उशीवर,
हात पुढे, सूर मारणाऱ्या बाईसारखे.
मुठीत रबरी फुगा: घाबरलात तर दाबा.
'घाबरले तर ओरडेन,' ती म्हणाली, 'दाबत बसणार नाही.'

पहिली चित्रं कोरडी.
मग काचेआडून मी कळ दाबते
आणि तिच्या कोपरातल्या सुईतून एक धातू आत शिरतो,
पाण्यासारखा निवळ.
त्याच्या नावात याच गावच्या एका जुन्या प्राध्यापकाचं आडनाव आहे,
ज्यानं समुद्रापलीकडच्या बेटावरचा
एक काळा दगड तपासून पाहिला होता.
हे मी गुनवोरला सांगितलं नाही.
एवढंच सांगितलं: दंड गार पडेल,
तोंडात नाण्याची चव येईल कदाचित.

निरोगी ऊती सावकाश पितात,
परक्या घरी कॉफी प्यावी तशा, घोट घोट.
ते दुसरं अधाशी.
पहिल्या दोन मिनिटांतच ढोसून घेतं
आणि लगेच सांडायला लागतं,
कारण घाईत उभारलेल्या त्याच्या शिरा
गळक्या असतात.

पुढचं गणित तिसरीतलं.
नंतरच्या चित्रातून आधीचं वजा.
चरबी वजा. दाट ऊती वजा.
तीन लेकरांना पाजलेलं वजा,
एकसष्ट हिवाळे वजा.
जे बदललं नाही ते सगळं काळं.
मी पडद्याजवळ सरकते.
डावीकडे, वरच्या बाजूला, काखेच्या अंगाला,
घड्याळात दोन वाजतात तिथं
नऊ मिलिमीटर.

ससा हलला.

बाहेर काढलं तेव्हा तिच्या कपाळावर उशीची घडी उमटली होती.
'काय दिसलं?'
'डॉक्टर सांगतील. गुरुवारी.'
हे वाक्य मी दिवसातून अकरा वेळा म्हणते.
दहा वेळा ते नुसतं वाक्य असतं.
तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं.
चाळीस वर्षं बंदरावर हेरिंग विकलेली बाई,
गिऱ्हाईक घेणार की नुसताच भाव विचारतंय
हे तिला लांबूनच कळतं.

'पाणी भरपूर प्या,' मी विषय बदलला,
'धातू उद्यापर्यंत निघून जाईल.'
'कुठे?'
'लघवीतून. मग गटारातून, मग…'
'मग माझ्या समुद्रात,' ती म्हणाली,
'माझ्याच माशांच्या पोटात,'
आणि हसली, त्या दिवसातलं पहिल्यांदा.

मी यंत्र पुसत होते. दार उघडंच होतं.
कॉरिडॉरमध्ये ती बहिणीशी बोलत होती फोनवर,
एका हातानं कोटाची बटणं लावत.
अंगठी बोटात नव्हती,
खिशात टाकताना मी पाहिलं होतं.
'छे गं, दुखलं बिखलं नाही.
आवाज मात्र बाबांच्या बोटीच्या इंजिनासारखा,
एक सिलिंडर गेलेला असायचा ना, तसा.
हो, सहाची फेरीबोट मिळेल.
मांजराला खायला घाल.
बाकी ठीक.'