वीस अंशांवर

मकरपुऱ्यातल्या त्या खोलीत बारा महिने वीस अंश.
बाहेर डांबर चपलेला चिकटतंय
आणि आत मी स्वेटर घालून,
नोकरीचा नववा दिवस.
मांडकेसाहेबांनी शिकवलेली पहिली गोष्ट:
पोलादालाही घाई चालत नाही.
उन्हातून आलेली वस्तू नुसती टेबलावर ठेवायची,
चार तास.
मगच मोजायची.

आई विचारायची, तू नक्की करतेस काय गं?
मी म्हणायची, लोक ज्याने मोजतात ते मोजते.
आई दांडिया बाजारात सगळ्यांना सांगायची,
एसीत बसते.

त्या सकाळी मी एका मायक्रोमीटरला लाल स्टिकर लावला.
सात मायक्रॉनची चूक,
केसाच्या जाडीचा दहावा हिस्सा, फार तर.
दुपारी त्याचा मालक आला.
हातांना कटिंग ऑइलचा वास, कपाळाला आठ्या.
"बेन, फरी जुओ ने."
मी मराठीत म्हटलं, चार तास लागतील.
तो गुजरातीत म्हणाला, बसतो.

आणि बसला की!
काचेपलीकडच्या बाकावर, पंख्याशिवाय.
एकदा उठला, माठातलं पाणी प्यायला.
मी स्लिप गेज जुळवत होते:
आरशासारखे घासलेले दोन ठोकळे
आडवे टेकवून अलगद फिरवले
की धरून ठेवतात एकमेकांना.
गोंद नाही, चुंबक नाही.
का धरतात, ते साहेबांनाही धड सांगता यायचं नाही.
एवढंच बजावायचे,
संध्याकाळी आठवणीने सोडव,
फार वेळ राहिले तर सुटत नाहीत.

दुसऱ्यांदा मोजलं. साडेसहा.
तो अर्धा मायक्रॉन आमच्या अनिश्चिततेत बसतो,
प्रमाणपत्रावर तसं छापलेलंच असतं.
मी तयारीत होते, आता हा आवाज चढवणार.
तो स्टिकरकडे बघत राहिला, मग म्हणाला,
म्हणजे गेलं वर्षभर मी लोकांना चुकीचा माल दिला.
आणि खिशातून डायरी काढून
तिथेच, बाकावर,
कोणाकोणाला कळवायचं त्याची यादी करू लागला.

नाव विचारलं ते पावतीसाठी.
जिगीष.
कीर्तिस्तंभाजवळ सेव-उसळ खाल्ली ती भुकेसाठी,
चार तास दोघांच्याही पोटात काही नव्हतं.
तिखटाने त्याच्या डोळ्यांत पाणी आलं
आणि तो म्हणत राहिला, कंई नहीं, कंई नहीं.

त्या संध्याकाळी मी ठोकळे सोडवायला विसरले.
दुसऱ्या दिवशी बोलणी खाल्ली. सुटले, पण कष्टाने.

एक गोष्ट मी कोणाला सांगितली नव्हती.
सकाळचं पहिलं माप मी उघड्या हातांनी घेतलं होतं.
नवव्या दिवशी माणूस हातमोजे विसरू शकतो,
पण हाताची ऊब पोलाद विसरत नाही.
सहा महिन्यांनी त्याला सांगितलं,
विश्वामित्रीच्या पुलावर.
खाली गाळात एक मगर, ओंडक्यासारखी.
तो मगरीकडेच बघत म्हणाला,
मला ठाऊक होतं.
हातमोज्यांचं पुडकं तू माझ्यासमोर फोडलंस.
मग भांडला का नाहीस?
त्याच्या तेव्हाच्या अर्ध्याकच्च्या मराठीत तो म्हणाला,
फोडला ना पण.

अकरा वर्षं झाली.
प्रयोगशाळा आता मी सांभाळते,
नव्या पोरांना पहिल्या दिवशी बाकावर बसवते
आणि म्हणते, काही करू नका, थांबा.
ती फोन बघत थांबतात. चालतं.

तो मायक्रोमीटर आमच्या स्वयंपाकघरात आहे,
लाटण्याच्या खणात. स्टिकर गुलाबी पडलाय.
रविवारी सासूबाई खाखरे करतात
आणि हा एकेक उचलून जाडी मोजतो,
मोठ्याने, बातम्या वाचाव्यात तशी.
सात वजा कर, मी ओट्यापासून ओरडते.
तो म्हणतो, साडेसहा.