उरलेले एकोणतीस टक्के

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये, म्हणतात.
कुत्र्याबद्दल कुणी काही सांगून ठेवलेलं नाही.
म्हणून डॉर्कस पार्डीच्या भाचीनं
नाताळला, अल्बर्टाहून, न्यूफाउंडलंडच्या या टोकाला
खोका पाठवला. एकावर एक फुकट.
एक किट डफसाठी.
दुसरं माणसांचं.

डफ. नऊ वर्षांपूर्वी, बंद पडलेल्या फिश प्लांटच्या मागे
मिठाच्या रिकाम्या पोत्यात सापडलेला.
एक कान उभा, दुसऱ्याचं अजून ठरलेलं नाही.
रंग विचाराल तर चहा सांडून वाळलेल्या चादरीचा.

चष्मा पुसून तिनं सूचना वाचल्या:
अर्धा तास आधी काही खाऊ-पिऊ घालू नये.
कापसाची काडी गालाच्या आत, तीस सेकंद.
डफनं अकराव्या सेकंदाला काडी चावली,
विसाव्याला तिच्याकडे असं पाहिलं
जसं पाद्रीबुवा बघतात उशिरा आलेल्याकडे,
आणि सत्ताविसाव्याला हार मानली.

पाच आठवडे लागणार होते.
तेवढ्यात चर्चच्या हॉलमध्ये पैजा लागल्या.
अ‍ॅम्ब्रोज टिझर्ड म्हणाला, लॅब्राडोर, बापाकडून तरी अस्सल; वीस डॉलर.
एल्फ्रीडा म्हणाली, लांडगा.
ती सगळ्यांनाच लांडगा म्हणते, जावयालासुद्धा.
पोस्टातल्या पोरानं चिठ्ठीवर लिहिलं, सील.
त्याचा डॉलर वेगळा ठेवण्यात आला.

बंदरात बर्फ अजून खडखडत होता तेव्हा निकाल आला.
हस्की तेवीस. पूडल एकोणीस. बीगल अठरा.
लॅब्राडोर अकरा.
उरलेले एकोणतीस: सांगता येत नाही,
पिढ्यान्‌पिढ्यांची सरमिसळ.

पूडल!
अ‍ॅम्ब्रोज दोन दिवस हॉलकडे फिरकला नाही.

रात्री ती स्वयंपाकघरात खाली बसली, गुडघे कुरकुरले,
आणि डफला चाचपू लागली.
कुठे आहे हा पूडल? या ढोपरात?
भुंकायच्या आधी घेतो त्या उसाशात?
बावीस वर्षं कॉड कापला होता तिनं,
हातात सुरी, थंडीनं बोटं निळी.
टक्के तिला कळायचे.
मासा टेबलावर आला की डोकं इतकं, काटा इतका,
फिले इतकं, आणि ते बोस्टनला.
मग जे उरायचं,
जीभ, गाल, पोटाखालची मऊ पट्टी,
ज्याला कंपनीच्या वहीत रकानाच नव्हता,
ते बायका संध्याकाळी डब्यात घालून घरी न्यायच्या,
पिठात घोळवून चरबीत तळायच्या.
पगार येईपर्यंत त्याच्यावरच चालायचं घर.

तिनं कागदाची घडी घातली
ते एकोणतीस वर दिसतील अशी,
आणि फ्रिजवर चुंबकाखाली लावली.

दुसरं किट चहाच्या डब्यामागे आहे.
तिचं नाक या किनाऱ्यावर दुसऱ्या कुणाचं नाही.
विचारलं की आई म्हणायची,
त्या वर्षी वादळ फार लांबलं,
पोर्तुगीज जहाजं कितीतरी दिवस बंदरात अडकून होती.
हवामानाबद्दल बोलावं तसं बोलायची,
आणि मग खरोखरच हवामानाबद्दल बोलायला लागायची.

भाचीचा फोन येतो. मावशी, तुझं पाठवलंस का?
उद्या, ती म्हणते. आणि खोटं नसतं ते.
रोज सकाळी ती खोका उघडते,
सूचनांचा कागद खिडकीशी धरून पुन्हा वाचते:
अर्धा तास आधी काही खाऊ-पिऊ नये.

मग किटली चढवते.
कपात दूध जरा जास्तच.
पावाची कड डफला.