ब्रेनवेव्ह

सातवीच्या इंग्रजीत चौथा धडा, शब्द अकरावा.
मी फळ्यावर लिहिला आणि खडू मोडला.
ब्रेन म्हणजे मेंदू, वेव्ह म्हणजे लाट.
पण मेंदूची लाट असं लिहून घेऊ नका, म्हणालो,
अर्थ वेगळा आहे:
न बोलावता, एकदम सुचलेली गोष्ट.
पोरांनी तोवर लिहून घेतलं होतं.

आमच्या वर्गाच्या खिडकीतून तळं दिसतं.
दुर्गा नेवारे, ढिवराची पोर,
हात वर न करताच बोलली:
लाट एकदम नाही येत, सर.
आधी पानी काळं पडते, मंग वारा, मंग लाट.
एकदम येते ते मासोळीची उडी.

आणि मागच्या बाकावरून खेमराज:
माह्या कागदावर होत्या, त्याच का ह्या?

मागच्या पोळ्याला नागपूरच्या मेडिकलमध्ये
त्याच्या डोक्याला वीसेक वायरी चिकटवल्या होत्या.
मशीननं लांबच लांब कागदभर रेघा काढल्या.
त्याच्या आईनं तो कागद घडी घालून
तांदळाच्या कोठीत ठेवलाय.
हो, म्हणालो, शब्दकोशात तोही अर्थ आहे. दुसरा.
तो जरा वेळ बाकाच्या भेगेकडे बघत राहिला.
मंग मले लय सुचत असन, म्हणाला.
वर्ग हसला, तोही हसला.
मी हसलो का, आता आठवत नाही.

वाक्यात उपयोग करा.
पुस्तकातला राजू हॅड अ ब्रेनवेव्ह.
हॅड, म्हणजे त्याच्याजवळ होती,
खिशाला पेन असावा तशी.
आपल्याकडे शक्कल लढवावी लागते,
युक्ती काढावी लागते विहिरीतल्या बादलीसारखी,
पण सुचतं, ते मला सुचतं.
मी वाक्यात असतो खरा,
दाराशी उभा,
कोण येतंय ते पाहत.

हे मी वर्गात सांगितलं नाही. तास संपला होता.

भादव्यात तळ्याचं तुडूम आतून फुटलं.
रात्रभर पाणी जात राहिलं धानाच्या बांध्यांवरून.
चौघे बुडी मारून आले,
भोक सापडते, म्हणाले, पण हातच ओढून घेते.
साहेबांचा फोन लागेना,
लागला तेव्हा साहेब मीटिंगमध्ये.

सकाळी सायत्राबाई शाळेच्या बोअरिंगवर
खिचडीचा गंज घासत होती.
मोरीच्या भोकात चार शितं
आणि भोपळ्याची एक साल जाऊन बसली.
पाणी तुंबलं.
ती तशीच उठली, राखेच्या हातांनी,
आणि पाळीवर जाऊन म्हणाली:
तुमी काहून जाता भोकापाशी?
पोत्यात तणीस भरा आन् द्या सोडून.
भोकच नेते त्याले.

सातवं पोतं बसलं. मग माती टाकली.

ग्रामसभेत लिहायला मला बसवतात, अक्षर बरं म्हणून.
मी लिहिलं:
तणसाची पोती सोडण्याची युक्ती काढण्यात आली.
काढण्यात आली.
कोणी, ते या क्रियापदात मावत नाही.
सरपंचांनी सही केली, टाळ्या वाजल्या,
सायत्राबाई तेव्हा वाटाणे निवडत होती.

कसं सुचलं, मी तिला विचारलं नंतर.
मले का मालूम, गुरुजी.
गंज घासून राहिली होती, तं आलं.
आणि गंज उन्हात पालथा घातला,
जणू अजून काही आत राहिलं असेल तर निथळून जावं.

दुर्गाच्या वहीत दुसऱ्या दिवशी वाक्य होतं:
सायत्राबाई हॅड अ ब्रेनवेव्ह.
वेव्हचं स्पेलिंग चुकलेलं.
खेमराजनं नुसती रेघ काढली होती, समासापासून समासापर्यंत,
मध्येच एके ठिकाणी ती उंच उडालेली.
दोघांनाही बरोबरची खूण केली.

संध्याकाळी पंचायतीत जाऊन
ठरावाचं रजिस्टर मागून घेतलं.
युक्ती आणि काढण्यात यांच्या मधे, ओळीच्या वर,
बारीक अक्षरात बसवलं: सायत्राबाईला.
शाईचा रंग वेगळा आहे.
वाक्य व्याकरणात चुकतं.
राहू दिलं.