घंगाळ, फाइल सातवी

भांडी बाजारातून मोरेश्वर तांबट घंगाळ घेऊन आले,
पिशवीत नाही, कडेवर.
मुलगा म्हणाला, फोटो नको, रेंडर हवा.
मागे पांढरं, खाली मऊ सावली.

मी तांबं दिलं, चकाकी दिली.
ठोक्यांचा एक चौकोन केला
आणि तोच घेरभर फिरवला.
कॉलेज रोडच्या दुसऱ्या मजल्यावर
मशीनचा पंखा रात्रभर घरघरत राहिला,
चित्रावरचा रवा विरत गेला,
पहाटे चारला घंगाळ उजळलं.
खोटं कशाला बोलू, खऱ्याहून देखणं.

मोरेश्वर चष्मा कपाळावर सारून
पडद्याला नाक लावून उभे.
बराच वेळ गप्प.
मग बोट टेकवलं : "हा ठोका इथं आहे.
इथंही हाच. आणि इथं.
तुमचा माणूस दमत नाही का हो?"

मुलगा हसला. फाइल पास झाली.

घंगाळ माझ्याकडेच राहिलं होतं.
मांडीवर घेऊन बुडापासून बोट फिरवत गेले.
काठाजवळ ठोके उथळ होत आलेले,
एक तर भलतीकडेच पडलेला,
कुणीतरी जेवायला हाक मारली असणार.

तेवढा एक मी हाताने घातला.
काठाखाली, डावीकडे.
अजून कुणी विचारलेलं नाही.